सापळ्याचे यश कशाने मोजावे?

जमिनीत पुरून ठेवावयाचा सापळा अधिक परिणामकारक कसा करावा, हा प्रश्न अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांवर मेंढ्या राखणाऱ्यांना, त्यांच्यासाठी कायोटी पकडणाऱ्या पारध्यांना आणि या दोघांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या सरकारी खात्याला गेली शंभर-सव्वाशे वर्षे पडत आलेला असून, त्याची उत्तरे देणाऱ्या पुस्तकांचा, पत्रकांचा व शिकवण्यांचा तिकडे तोटा नाही. परंतु या बहुतेक वाङ्मयात परिणामकारक सापळा म्हणजे अधिक जनावरे धरणारा सापळा, ही व्याख्या इतकी गृहीत धरलेली आढळते की, ती कधी कोणी सिद्ध केली होती काय, ही शंकाच वाचकाच्या मनात उद्भवत नाही. माझे म्हणणे असे आहे की, ही व्याख्या मुळातच चुकीची आहे. तिच्या आधाराने चाललेल्या कारभाराने मेंढपाळाचे नुकसान थांबले नाही, कायोटीची संख्याही टिकाऊ रीतीने घटली नाही, आणि ज्या विद्येची गणना निसर्गनिरीक्षणाच्या अत्यंत सूक्ष्म प्रकारांत व्हावयास हवी होती ती केवळ कातड्यांच्या मोजदादीत अडकून पडली.

प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊ. कायोटी हा श्वानकुलातील जीव; आकाराने आपल्या कोल्ह्याहून काहीसा मोठा, लांडग्याहून बराच लहान, वजनाने साधारणतः १० ते २० किलो. मेजर लाँग यांच्या पश्चिमेकडील मोहिमेत मिसूरी नदीच्या काठी मिळालेल्या नमुन्यावरून थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची वस्ती मुख्यतः खंडाच्या मध्यभागीची गवताळ मैदाने आणि पश्चिमेकडील रुक्ष मुलूख एवढ्यापुरती होती. ससे, उंदीर, टोळ, रानफळे, मेलेली गुरे आणि संधी साधल्यास कोकरे, असा त्याचा आहार. नर-मादीची वर्षानुवर्षे टिकणारी जोडी. त्या जोडीने जिवापाड राखलेली हद्द. वसंतात बिळातली पिले. आणि थंडीच्या तोंडावर आईबापांची हद्द सोडून नव्या मुलखाच्या शोधात बाहेर पडणारी तरुण प्रजा, असा त्याचा जीवनक्रम. वाचकाने हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

से यांच्याच काळात न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे स्यूएल न्यूहाउस हा कारागीर लोखंडी स्प्रिंगांचे सापळे घडवू लागला होता. पुढे तो जॉन हम्फ्री नॉइस यांनी १८४८ साली तेथे स्थापन केलेल्या, खाजगी मालमत्ता न मानणाऱ्या धर्मनिष्ठ समाजात सामील झाला, आणि त्याचे सापळे त्या समाजाच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन बनले. दोन जबडे, त्यांना मिटवणाऱ्या एक वा दोन स्प्रिंगा, मधोमध एक तबकडी, तबकडी दबताच सुटणारी खिट्टी आणि जमिनीत ठोकलेल्या मेखेला जखडणारी साखळी, ही त्याची रचना आजच्या सापळ्यातही मूलतः कायम आहे. यंत्रात दीड शतकात झालेले फेरफार पुढे येतीलच. तथापि पारध्याची खरी बुद्धी खर्च झाली ती यंत्र जमिनीत बसवण्याच्या कलेत, आणि त्या कलेचा तपशील पाहिल्यावाचून तिच्यावर अभिप्राय देणे अन्यायाचे होईल.

सर्वांत प्रचलित मांडणी खड्ड्याची. उरलेले भक्ष्य मातीत पुरून ठेवणे ही श्वानकुलाची आणि इतर कित्येक मांसभक्षकांची रीत असल्यामुळे, कोण्या एका जनावराने येथे घाईघाईने काही पुरले आहे, असा देखावा उभा करावयाचा, ही या मांडणीमागील कल्पना. त्यासाठी तीनेक इंच रुंदीचा, तिरपा उतरत जाणारा, वीतभर खोल खड्डा खणतात. त्याच्या तळाशी मुरलेल्या मांसाचे आमिष आणि काठाशी कायोटीच्याच ग्रंथींपासून केलेल्या उग्र द्रव्याचा लेश ठेवतात. आणि खड्ड्याच्या पुढ्यात, काठापासून सुमारे आठ-नऊ इंचांवर व मध्यरेषेपासून किंचित बाजूला, तबकडी येईल अशा बेताने सापळा पुरतात. ही मापे कोणी लहरीने ठरवलेली नाहीत. खड्ड्यात नाक घालू पाहणाऱ्या कायोटीचे पुढचे पाऊल नाकाच्या किती मागे टेकते आणि ते शरीराच्या मध्यरेषेवर न पडता तिच्या कोणत्या अंगास पडते, हे हजारो उमटलेल्या पावलांवरून ताडून काढल्यावर ती हाती आली आहेत. दुसरी मांडणी सपाट. हिच्यात खड्डा नसतो. गवताचे एखादे थोंब, जुने हाड किंवा वाळलेले शेण यांवर कायोटीचे मूत्र शिंपडून, ही जागा दुसऱ्या कोणी आपली म्हणून खुणावली आहे, असा भास निर्माण करतात. पहिली मांडणी भुकेला हाक मारते, तर दुसरी हद्दीच्या अभिमानाला, आणि हा भेद पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

मांडणी फसण्याची कारणे पाहू लागले की, तीही अशीच प्राण्याच्या स्वभावाकडे घेऊन जातात. सापळा खाचेत घट्ट न बसता पावलाखाली किंचितही डगमगला, तर कायोटी पाऊल मागे घेतो आणि पुष्कळदा नखांनी माती उकरून सापळा उघडा पाडतो. म्हणून सापळ्याच्या कडेने आणि स्प्रिंगांखाली माती ठोकून ठोकून तो शिळेसारखा अचल करावा लागतो, आणि तबकडीखाली माती शिरू नये एवढ्यासाठी तिच्यावर जाळीचा किंवा मेणकापडाचा तुकडा ठेवून, मगच चाळलेल्या मातीचा पाव ते अर्धा इंच थर पसरावा लागतो. आमिषाला लागलेला हात सापळ्याला लागला, तर कायोटी खड्ड्याऐवजी सापळाच हुंगून उकरतो. म्हणून सापळे झाडाच्या साली किंवा रंगाचे लाकूड घालून उकळावयाचे, मेणात बुडवावयाचे, आणि आमिषाचे हातमोजे वेगळे व सापळ्याचे वेगळे ठेवावयाचे. थंडीत रात्री माती गोठली म्हणजे जबड्यांवर दगडासारखा पापुद्रा बसतो व सापळा उडतच नाही; त्यावर कोरडी पीट शेवाळाची माती, मेण मुरवलेली माती किंवा क्षार मिसळलेली माती, असे उपाय आहेत, आणि प्रत्येकाचे गुणदोष त्या त्या मुलखाच्या पावसापाण्यावर अवलंबून आहेत. वारा आणखी निराळा. कायोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो, तेव्हा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून गंध वाहत जाईल अशा बाजूस मांडणी हवी. आणि तीही वाटेच्या मधोमध नको, काहीशी कडेला हवी, कारण वाटेवरून चालणारे जनावर निर्धास्तपणे पुढे निघून जाते, पण कडेच्या गंधाकडे स्वतःच्या निर्णयाने वळलेले जनावर पाऊल टाकताना कामात गुंतलेले असते.

या सर्वांहून श्रेष्ठ बाब जागेची. चांगल्या जागी केलेली ओबडधोबड मांडणी वाईट जागी केलेल्या सुबक मांडणीपेक्षा अधिक फळ देते, याविषयी अनुभवी पारध्यांत मतभेद आढळत नाही. दोन टेकड्यांमधली खिंड, कुंपणाचा कोपरा, गुरांच्या दोन वाटा मिळतात ती जागा, शेत आणि झुडूप यांची सीमा, ओढ्याचे वाळलेले पात्र, अशी ठिकाणे कायोटीच्या प्रवासाचे नाके असतात. तेथे विष्ठा, पावले आणि उकरल्याच्या खुणा वाचून, कोणता प्राणी कोणत्या वेळी कोणत्या दिशेने जातो, याचा अंदाज बांधावा लागतो. गंधांच्या बाबतीत तर त्यांना कायोटीकडून मिळणारी प्रतिक्रिया पद्धतशीर तपासून शास्त्रज्ञांनी मेदाम्लांचे कृत्रिम मिश्रण तयार केले आणि त्याच्या गोळ्या ठेवलेल्या, चाळलेल्या मातीच्या वर्तुळांवरील पावले मोजून विस्तीर्ण प्रदेशातील कायोटींच्या संख्येचा माग काढण्याची रीत १९७० नंतरच्या दशकात रूढ केली. पारध्याची विद्या प्रयोगशाळेला इतकी जवळची आहे, हे सांगताना मला मनापासून आदर वाटतो. एवढे निरीक्षण, एवढा धीर आणि एवढी हस्तकुशलता ज्या उद्योगात खर्च होते, त्याला केवळ क्रूर म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी तो नीट पाहिलेला नसतो.

एवढी निपुणता असताना फळ काय मिळाले? १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हिंस्र श्वापदांच्या बंदोबस्तासाठी सव्वा लाख डॉलरांची तरतूद मंजूर करून ते काम जीवशास्त्रीय पाहणीच्या खात्याकडे सोपवले. २ मार्च १९३१ रोजी स्वतंत्र कायदा होऊन दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्चण्याची मुभा त्या खात्यास मिळाली. सापळ्यांच्या जोडीला विषप्रयोग आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोडियम फ्लुओरोअ‍ॅसिटेट हे भयंकर विष कुरणांवर सर्रास वापरले गेले, आणि ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनीवरील असल्या विषप्रयोगाला मनाईहुकूम काढीपर्यंत ते चालूच होते. त्या खात्याच्या दप्तरातले वार्षिक अहवाल मारलेल्या जनावरांच्या आकड्यांनी भरलेले आहेत, कारण खर्चाचा हिशेब देण्यास आकड्याइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. अलीकडेही, विमानातून केलेला गोळीबार, फास, विष आणि सापळे हे सारे मार्ग जमेस धरता, एकाच वर्षात साठ हजारांहून अधिक कायोटी हे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याने मारल्याची कित्येक वर्षे दाखवता येतील. आणि या काळात कायोटीचे काय झाले? जो प्राणी मैदानांत आणि वाळवंटात राहत होता, तो अलास्कापासून पनामापर्यंत आणि अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरला. हवाई बेटे वगळता संयुक्त संस्थानांतील एकही राज्य त्याच्यावाचून राहिले नाही. शिकागो आणि लॉस एंजेलिस यांसारख्या महानगरांत त्याची पिले वाढू लागली. लांडग्याचा उच्छेद झाल्याने त्याचा मोठा शत्रू नाहीसा झाला आणि जंगलतोडीने त्याला मोकळी जमीन मिळाली, ही कारणे खरीच. तथापि सापळ्यांनी आणि विषांनी त्याला आवर घातला, असे म्हणावयास तिळभरही आधार उरत नाही.

या निष्फळतेचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनॉली व लाँगहर्स्ट यांनी १९७५ साली मांडले. त्यांच्या हिशेबानुसार कायोटींची एखादी वस्ती दरसाल ७० टक्क्यांपर्यंत घट सोसूनही टिकून राहू शकते, आणि ७५ टक्के प्रमाणात ती वर्षानुवर्षे मारीत राहिले तरच, तेही सुमारे अर्ध्या शतकाने, नाहीशी होईल. संख्या विरळ झाली की उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, अधिक माद्या वितात, पिले अधिक जगतात, आणि रिकाम्या हद्दीत शेजारची तरुण प्रजा येऊन बसते. नुसत्या संख्येवर मारलेला प्रत्येक घाव अशा रीतीने काही महिन्यांत भरून येतो. ज्या सापळ्याची परिणामकारकता केवळ आकड्याने ठरते, त्याची सारी परिणामकारकता येणाऱ्या वसंतात वाहून जाते, हे कटू असले तरी सिद्ध झालेले सत्य आहे.

आता अधिक खोल प्रश्नाकडे वळतो, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा येथेच आहे. सापळ्यात सापडतो तो कायोटी कोण असतो? दक्षिण टेक्ससमध्ये विंडबर्ग आणि नोल्टन यांनी खुणा केलेल्या कायोटींचा अभ्यास करून १९९० साली दाखवले की, कायोटी आपल्या हद्दीच्या आत असताना सापळ्यात क्वचित सापडतो, आणि हद्दीच्या कडेला किंवा तिच्या बाहेर असताना सहज सापडतो. कारण उघड आहे. आपल्या घरच्या मुलखात त्याला प्रत्येक दगड, प्रत्येक थोंब ओळखीचा असतो, आणि काल नसलेली वस्तू आज दिसली की तो तिच्यापासून दूर राहतो. परक्या मुलखात मात्र सारेच नवे असल्यामुळे नवेपणाची भीती त्याला धरता येत नाही, आणि कुतूहल व भूक त्याला खड्ड्याकडे ओढून नेतात. उत्तर कॅलिफोर्नियात पुढे झालेल्या एका अभ्यासात, ज्याची फलश्रुती २००३ साली प्रसिद्ध झाली, असे आढळले की, स्वयंचलित कॅमेऱ्यांपुढे हद्द राखणारी प्रमुख जोडी येतच नाही. कॅमेरे बसवणाऱ्या माणसांच्या हालचालींवर ती जोडी पाळत ठेवते आणि त्या जागा टाळते. म्हणजे सर्वसाधारण मांडणीत सापडतात ते प्रामुख्याने घर सोडून भटकणारे तरुण आणि हद्द नसलेले वाटसरू.

आणि कोकरे मारतो कोण? कॅलिफोर्नियातीलच मेंडोसिनो परगण्यात हॉपलँड येथे विद्यापीठाचे मेंढीसंशोधन केंद्र आहे. तेथील कायोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून १९९० नंतरच्या दशकात जे दीर्घ निरीक्षण झाले, त्याने असे सिद्ध केले की, कोकरांचा बळी घेणारे कायोटी जवळजवळ सर्वस्वी प्रजनन करणाऱ्या, हद्द राखणाऱ्या जोड्यांपैकीच होते. भटक्यांचा आणि तरुणांचा त्यात वाटा नगण्य होता. त्या केंद्राच्या अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहता, किती कायोटी काढून टाकले आणि किती मेंढ्या मारल्या गेल्या, या दोहोंत अपेक्षित संबंधच सापडला नाही. उलट ज्या हद्दीत मेंढ्या चरत होत्या तेथील प्रजननक्षम कायोटीच दूर केल्यावर काही काळ हानी थांबली. याचे कारण पोटच्या पिलांत आहे. वायोमिंगमध्ये टिल व नोल्टन यांनी १९८३ साली दाखवले होते की, बिळातील पिले काढून घेतली तरी आईबापांनी चालवलेली मेंढ्यांची हत्या पुष्कळ कमी होते. युटामध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रियेने निर्बीज केलेल्या जोड्यांनी आपली हद्द तर राखली, पण कोकरे फार कमी मारली.

ही दोन निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवावीत. मेंढपाळाचे नुकसान करणारा कायोटी सापळ्यात सहसा येत नाही, आणि सापळ्यात येणारा कायोटी सहसा मेंढपाळाचे नुकसान करीत नाही. चोरी एका घराण्याने करावी आणि चावडीवर आणून उभे करावे रस्त्याने जाणाऱ्या यात्रेकरूंना, असा हा न्याय झाला. एवढेच नव्हे, तर जोडीतला एखादाच सापडून निसटला, तर सापळ्याची विद्या त्याला कळते आणि पुढच्या वर्षी तो पारध्याच्या आवाक्याबाहेर जातो. यास्तव जो पारधी थंडीच्या आरंभी वाटेवाटेवर खड्ड्यांच्या मांडण्या करून पन्नास तरुण कायोटी धरतो, तो कातड्यांच्या दृष्टीने यशस्वी असेल; परंतु मेंढ्यांच्या रक्षणासाठी नेमलेला पारधी म्हणून त्याची परिणामकारकता शून्याच्या जवळ जाते. ज्याने विण्याच्या हंगामात मारलेल्या कोकराच्या गळ्यावरील दातांच्या खुणा तपासल्या, तेथून बिळाकडे जाणारी वाट शोधली, त्या जोडीच्या हद्दीच्या खुणांची जागा ओळखली आणि तेथे, हद्दीच्या अभिमानाला डिवचणारी एकच सपाट मांडणी करून दोन जनावरे धरली, त्याला मी निपुण म्हणेन. मघाशी उल्लेखिलेला दोन मांडण्यांमधील भेद येथे निर्णायक ठरतो.

अशा निवडक पारधीची कल्पना केवळ पुस्तकी नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास मिसूरी आणि कॅन्सस या राज्यांनी, जनावरामागे इनाम देण्याच्या जुन्या शिरस्त्याऐवजी, शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याला स्वतः सापळा मांडावयास शिकवणारा शिक्षक पाठवण्याची पद्धत स्वीकारली. तिचे तत्त्व असे की, ज्याचे कोकरू मेले त्यानेच, त्याच जागी, त्याच गुन्हेगारासाठी थोडे सापळे मांडावेत. बाकीच्या कायोटींना, उंदीर-सशांना आवर घालणारे म्हणून, हात लावू नये. इनामाची पद्धत नेमकी उलट चालते: जेथे कायोटी सहज मिळतील तेथून ते आणावेत, तक्रार कोठली का असेना. सरकारी पैसा कोणत्या पद्धतीवर खर्च व्हावा, याचा निर्णय मला तरी अवघड वाटत नाही.

निवडीचा प्रश्न केवळ कोणता कायोटी एवढ्यावर थांबत नाही. कायोटीसाठी मांडलेल्या सापळ्यात लहान खोकड, स्कंक, रॅकून, गरुड आणि पाळीव कुत्रीही येतात. येथे यंत्रातील एका क्षुल्लक वाटणाऱ्या सुधारणेने मोठे काम केले आहे. तबकडी दाबावयास दीड-दोन किलोंचा भार लागेल असे साधन तिच्याखाली बसवले, तर खोकड किंवा स्कंक तिच्यावरून निर्वेध चालून जातो आणि कायोटीचे वजन मात्र सापळा उडवते. टर्कोव्स्की, आर्मिस्टेड व लिनहार्ट यांनी १९८४ साली अशा साधनांची चाचणी प्रसिद्ध करून, लहान प्राण्यांपैकी बहुतेक सर्व त्यामुळे वाचतात, हे दाखवून दिले. सापळ्यात खोकड अडकून पडले की तो सापळा त्या रात्रीपुरता कायोटीला निरुपयोगी होतो, म्हणून दया आणि धंदा येथे एकाच बाजूला उभे राहतात. तरीसुद्धा हे साधन सर्वत्र सक्तीचे नाही, याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

वेदनेचा प्रश्नही मी याच परिणामकारकतेत अंतर्भूत मानतो. युरोपीय समुदायाने १९९१ च्या नियमाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांचा वापर १९९५ पासून आपल्या हद्दीत बंद केला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये कौल देऊन त्यांच्यावर कडक निर्बंध घातले. याउलट अमेरिकेच्या राज्यांतील वन्यजीव खात्यांनी १९९७ पासून सापळ्यांच्या चाचण्यांचा मोठा उपक्रम हाती घेऊन, जखमांचे प्रमाण, पकडीची खात्री, निवडकपणा, वापरणाऱ्याची व इतरांची सुरक्षितता आणि व्यवहार्यता अशा कसोट्या लावल्या. पकडलेला कायोटी साखळीला ओढ देतो, पिळवटतो, जबड्यांना दात लावतो. जबडे रुंद केले, त्यांच्यात थोडी फट ठेवली, त्यांना रबराचे अस्तर लावले, साखळी आखूड करून तिच्यात फिरत्या कड्या व झटका सोसणारी स्प्रिंग बसवली, तर हाडे मोडण्याचे आणि मांस फाटण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. रबरी अस्तराच्या पहिल्या नमुन्यांतून कायोटी अधिक प्रमाणात निसटत, म्हणून पारध्यांनी त्यांना नावे ठेवली; पुढे स्प्रिंगा बळकट केल्यावर ही उणीव बहुतांशी भरून निघाली. ज्या शास्त्रज्ञांना कायोटी धरून, पट्टा बांधून, जिवंत व धडधाकट सोडून द्यावयाचे होते, त्यांनी हेच सापळे वापरले, आणि वर सांगितलेले बरेचसे ज्ञान त्यांच्यामुळेच हाती आले. परंतु उत्तमातल्या उत्तम सापळ्यालाही रोज भेट दिली नाही, तर त्याची सारी सुधारणा व्यर्थ आहे. काही राज्यांत ही मुदत चोवीस तासांची आहे, काहींत ती कित्येक दिवसांची आहे, आणि लांब मुदतीचे समर्थन मी कोणत्याही कारणास्तव करू शकत नाही. उन्हातान्हात किंवा बर्फात तीन दिवस अडकलेल्या जनावराची तहान ही त्या मुलखाच्या कायद्यावर ठेवलेला आरोप आहे.

यावर मेंढपाळाची कैफियत ऐकणे न्यायाचे आहे. त्याचे म्हणणे असे की, अभ्यासकाला हद्द आणि जोडी शोधीत बसावयास वेळ आहे. ज्याची रोज दोन कोकरे मरतात, त्याला नाही. १९४२ साली अमेरिकेत मेंढ्यांची संख्या साडेपाच कोटींच्या वर होती, आज ती अर्ध्या कोटीच्या आसपास उरली आहे, आणि या ऱ्हासात लोकरीचा पडता भाव, कृत्रिम धागे, माणसांची टंचाई व खाण्याच्या बदललेल्या सवयी यांचा वाटा कायोटीहून मोठा असला, तरी ज्याच्या डोळ्यांपुढे मेलेले कोकरू आहे त्याला हे सांगून समाधान व्हावयाचे नाही. त्याचे दुःख मला खरे वाटते. म्हणूनच त्याच्या नावाने चालणारी निरर्थक कत्तल मला अधिक सलते. त्याला हवे आहे ते कोकरू जगणे, आणि त्यासाठी सापळ्यापूर्वीचे उपाय पुष्कळ आहेत: विण्याच्या वेळी मेंढ्या आडोशाला घेणे, मेलेली जनावरे कुरणावर पडू न देणे, रात्री कुंपणात कोंडणे आणि राखणीची कुत्री बाळगणे. पिरेनीज पर्वतातील व अनातोलियातील राखणकुत्री १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पद्धतशीर आणली गेली, कारण युरोप-आशियातील मेंढपाळांना जी गोष्ट शतकानुशतके ठाऊक होती ती या नव्या खंडात विसरली गेली होती. आपल्या पठारावरचा धनगर सुताच्या वाघरीत मेंढरे कोंडून, कुत्री सोडून, स्वतः शेजारी झोपतो. लांडग्याचे भय त्यालाही आहेच, आणि कोकरू गेले तर ते सोसून तो पुढच्या मुक्कामाला निघतो.

आपल्याकडील आणखी एक दाखला येथे खरोखर लागू पडतो. पश्चिम महाराष्ट्रातील फासेपारधी हे पिढ्यान्‌पिढ्या फास मांडून हरणे व पाखरे धरीत आले. इंग्रजी अमलाने १८७१ च्या कायद्यानंतर असल्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा परंपरागत धंदाच बेकायदा ठरला. पुनर्वसनाची तजवीज मात्र दोन्ही वेळा अपुरीच राहिली. या समाजाचा अभ्यास करताना माधव गाडगीळ यांनी अशी प्रथा नोंदवली आहे की, फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडले, तर फासेपारधी ते सोडून देत. ज्याला निरक्षर म्हणून हिणवले गेले त्या समाजाला सापळ्यात सापडलेले प्रत्येक जनावर हे यश नव्हे, हे तत्त्व अवगत होते. कोणते जनावर ठेवावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हा विवेक त्याच्या पारधीचाच भाग होता. तेथे राखावयाची होती ती उद्याची हरणे, कुरणावर राखावयाची आहेत ती कोकरे. दोन्ही ठिकाणी परीक्षा एकच, की पारध्याला आपल्या हातचे जनावर कोण आहे हे ठाऊक आहे काय.

म्हणून माझी सूचना कारभाराच्या पातळीवरची आहे. सापळे लावणाऱ्या प्रत्येक नोकराच्या रोजनाम्यात, किती धरले, या रकान्याआधी दुसरे रकाने असावेत: कोणत्या तक्रारीवरून मांडणी केली, ती जागा मेलेल्या कोकरापासून किती दूर होती, धरलेल्या जनावराचे वय दातांच्या झिजेवरून किती ठरले, मादी असल्यास त्या वर्षी व्याली होती काय, इतर कोणते प्राणी सापडले व ते कोणत्या स्थितीत सोडले, किती सापळे उडाले आणि काहीच हाती न लागता रिकामे राहिले, आणि शेवटी, मांडणीपूर्वीच्या पंधरवड्यात किती कोकरे मेली व नंतरच्या पंधरवड्यात किती. हा शेवटचा आकडा घटला असेल तर त्या नोकराला, त्याने दोनच जनावरे धरलेली असोत, बढती द्यावी. घटला नसेल तर त्याने धरलेल्या साठांची गणना त्याच्या जमेस धरू नये. आणि ज्या कुरणावर मृत्यू थांबले, तेथील उरलेले सापळे दुसऱ्या तक्रारीची वाट न पाहता त्याच दिवशी उचलावेत.